फुटबॉलच्या मैदानावरचे खाणे महाग आणि सुमार का असते?

प्रश्न असा आहे. शिक्षणासाठी इंग्लंडमध्ये आलेल्या एका वाचकाने आपल्या शहरातल्या क्लबचा सामना पहिल्यांदाच मैदानावर जाऊन पाहिला. मध्यंतरात रांगेत उभे राहून त्यांनी एक चिकन बाल्टी पाई (मैद्याच्या कवचात कोंबडीचे मसालेदार सारण भरून भाजलेला पदार्थ) आणि एक चहा घेतला आणि त्यासाठी आठ पौंडांच्या आसपास मोजले. पाईचे बूड ओलसर होते, आतले सारण जीभ भाजेल इतके कढत होते आणि एवढे करून जागेवर पोहोचेपर्यंत उत्तरार्धाची सात-आठ मिनिटे होऊन गेली होती. तशीच पाई सुपरमार्केटात निम्म्याहून कमी पैशांत मिळते. मग ही सरळसरळ लूट आहे का, सगळीकडे असेच चालते का, आणि क्लबने मनावर घेतले तर यात काही सुधारणा होऊ शकते का, असे त्यांनी विचारले आहे. इंग्लंडमधल्या मैदानांवरच्या खानपान व्यवस्थेत मी बरीच वर्षे काम केले आहे, काही काळ ठेकेदाराच्या (क्लबकडून मैदानावर खाणे विकण्याचा ठेका घेणाऱ्या कंपनीच्या) बाजूने आणि काही काळ क्लबच्या बाजूने, त्यामुळे दोन्हीकडचा हिशेब मांडून उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

लूट काही प्रमाणात आहे, हे आधीच मान्य करतो. परंतु ती जिथे दिसते तिथे होत नाही. खिडकीपलीकडे उभ्या असलेल्या मुलाच्या किंवा आत भट्टीपाशी असलेल्या माणसाच्या हातात दर आणि दर्जा या दोन्हींपैकी फारच थोडे असते. मैदानावरच्या खाण्याची किंमत मुख्यतः घड्याळ ठरवते आणि त्याचा दर्जा क्लबने केलेला करार ठरवतो. आचाऱ्याचा क्रमांक त्यानंतर येतो.

आधी घड्याळाचे पाहू. प्रीमियर लीगमध्ये 20 संघ असल्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला घरच्या मैदानावरचे 19 साखळी सामने येतात आणि त्याखालच्या तीन विभागांत प्रत्येकी 24 संघ असल्यामुळे 23 सामने येतात. चषक स्पर्धांचे सामने धरले तरी बहुतेक क्लबांचे वर्षातले तीस दिवस भरत नाहीत. म्हणजे प्रेक्षकांसाठी बांधलेले गाळे, भट्ट्या, शीतकपाटे आणि गल्ले वर्षातले अकरा महिने कुलूपबंद असतात आणि त्यांचा खर्च मात्र बारा महिने चालू राहतो. ज्या दिवशी गाळा उघडतो त्या दिवशीही धंदा दिवसभर होत नाही. खेळाच्या नियमांनुसार मध्यंतर 15 मिनिटांपेक्षा लांबवता येत नाही, आणि दिवसाच्या विक्रीचा मोठा भाग याच 15 मिनिटांत आणि सामना सुरू होण्याआधीच्या अर्ध्या तासात उरकावा लागतो.

एक साधा हिशेब मांडून पाहा. समजा, एका स्टँडमध्ये 10,000 प्रेक्षक आहेत आणि त्यांतल्या एक तृतीयांश लोकांना मध्यंतरात काहीतरी हवे आहे. एक जण दोघांसाठी घेतो असे धरले, तर साधारण 1,650 ऑर्डरी होतात. मध्यंतराची 15 मिनिटे आणि त्याआधी उठून येणाऱ्यांमुळे मिळणारी 5 मिनिटे धरून आपल्याकडे 1,200 सेकंद आहेत. एका ऑर्डरीला 45 सेकंद लागत असतील तर एका गल्ल्यावर 26 ते 27 ऑर्डरी होतात आणि सगळ्यांना वेळेत द्यायचे तर 62 गल्ले लागतात. तीच ऑर्डर 30 सेकंदांत झाली तर 42 गल्ले पुरतात. पंधरा सेकंदांच्या फरकाने वीस गल्ले, वीस माणसे आणि तेवढी जागा वाचते. मैदानावरचा मेन्यू इतका आखूड का असतो, पाईत दोनच प्रकार का, चहात साखर आपली आपण का घालायची, हे सगळे या पंधरा सेकंदांपाशी येऊन थांबते. जो पदार्थ देताना विक्रेत्याला विचार करावा लागतो, कापावे लागते किंवा वरून काही घालावे लागते, तो कितीही चविष्ट असला तरी मध्यंतरात रांग अडवतो.

मजुरीचा हिशेबही त्याच्याशीच जोडलेला आहे. ब्रिटनमधले किमान वेतन एप्रिल 2025 पासून 21 वर्षे व त्यावरील कामगारासाठी तासाला 12.21 पौंड झाले. गल्ल्यावरच्या माणसाला पंधरा मिनिटांसाठी बोलावता येत नाही; मांडामांड, विक्री आणि आवराआवर धरून त्याची पाच तासांची पाळी लागते, म्हणजे त्या दराने 61 पौंड आणि सुटीच्या वेतनासह 68 पौंडांच्या घरात. सामन्याआधी आणि मध्यंतरात मिळून त्याच्या हातून सत्तर ऑर्डरी गेल्या, तर प्रत्येक ऑर्डरीवर जवळपास एक पौंड निव्वळ देणाऱ्या हाताचा पडतो. आतल्या भट्टीवरचा माणूस, माल वाहून आणणारा, पर्यवेक्षक आणि कोठीवाला यांची मजुरी त्यात आलेली नाही. सुपरमार्केटातल्या पाईशी तुलना करताना नेमका हा पौंड विसरला जातो, कारण ती पाई ग्राहकाने स्वतः उचललेली, स्वतः घरी नेलेली आणि स्वतःच्या भट्टीत गरम केलेली असते.

यापुढचा भाग अंदाजाचा. मंगल कार्यालयातल्या आचाऱ्याला पानांचा आकडा आदल्या दिवशी कळलेला असतो, मुहूर्त ठरलेला असतो आणि पंगतीत प्रत्येकाला तेच वाढायचे असते. मैदानावर यांतले काहीच हाती नसते. तिकिटे किती विकली गेली ते कळते, पण किती लोक जेवून येणार ते कळत नाही. शनिवारी दुपारी तीनच्या सामन्याला लोक पबमध्ये खाऊन-पिऊन येतात. मंगळवारी रात्रीच्या सामन्याला कामावरून थेट येतात, उशिरा येतात आणि उपाशी येतात. हवा अचानक गार झाली की चहा आणि बोव्हरिल (गोमांसाच्या अर्काचे गरम पाण्यात ढवळलेले खारट पेय, इथल्या मैदानांवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले) दुप्पट खपते आणि थंड पेयांचे खोके तसेच पडून राहतात. घरचा संघ चाळीस मिनिटांत तीन गोल खाऊन बसला तर लोक मध्यंतराआधीच उठतात आणि रांग पाच मिनिटे लवकर लागते. अंदाज कमी पडला तर माल संपतो आणि शिव्या मिळतात. जास्त झाला तर एकदा गरम केलेला माल टाकून द्यावा लागतो. टाकून दिलेल्या पाईची किंमत विकल्या गेलेल्या पाईवरच बसते.

आता ओलसर बुडाची गोष्ट, कारण तक्रारीत खरे मर्म तेच आहे. पाई बेकरीतून सहसा गोठवलेली येते. ती भट्टीत पाऊण तासाच्या आसपास राहते आणि मध्यंतराच्या आधी तासभर बाहेर काढून गरम कपाटात रचली जाते, कारण मध्यंतराला लागणाऱ्या शेकडो पाई एकाच वेळी भट्टीतून काढता येतील एवढी भट्टी कुठल्याच गाळ्यात मावत नाही. भट्टीतून काढल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटे ती पाई खरोखर चांगली लागते. वरचे कवच खुसखुशीत असते आणि बूड कोरडे असते. त्यानंतर सारणातला रस्सा हळूहळू खालच्या मैद्यात जिरू लागतो, वाफ कपाटातच कोंडते आणि पातळ धातूच्या वाटीत बसलेले बूड घाम आल्यासारखे होते. वरचे आवरण मात्र कपाटातल्या कोरड्या उष्णतेने कडक होत जाते. मधल्या सारणाला उष्णता बाहेर टाकायला वाटच नसते, म्हणून ते शेवटपर्यंत कढत राहते. आपण खाल्लेली पाई वाईट बनवलेली नव्हती. ती तासाभरापूर्वी चांगली होती. तिचा दर्जा सुधारायचा असेल तर बेकरी बदलून फारसा उपयोग होत नाही, तो तास कमी करावा लागतो.

तो तास कमी करायचा म्हणजे दोन-तीन खेपांत भाजायचे, आणि त्यासाठी जास्त वीज, जास्त भट्ट्या आणि भट्टीपाशी सतत लक्ष ठेवणारा माणूस हवा. जुन्या स्टँडखालच्या गाळ्यांत विजेचा भार मर्यादित असतो आणि धूर बाहेर नेणारी नळी बसवायला जागा नसते. 11 मे 1985 रोजी ब्रॅडफर्ड सिटीच्या मैदानावर लाकडी स्टँडला आग लागून 56 माणसे मृत्युमुखी पडली. ती आग खाण्याच्या गाळ्यातून लागलेली नव्हती, पण त्यानंतर 1987 च्या कायद्याने स्टँडच्या अग्निसुरक्षेचे नियम कडक झाले आणि स्टँडखाली गॅसच्या टाक्या व उघडी ज्योत वापरण्याकडे सुरक्षा अधिकारी साहजिकच वाकड्या नजरेने पाहू लागले. तव्यावर समोर भाजलेला बर्गर अनेक ठिकाणी स्टँडच्या बाहेर, मोकळ्या जागेतल्या गाडीवरच मिळतो आणि आतल्या गाळ्यात आधी शिजवून गरम पाण्याच्या पेटीत ठेवलेला मिळतो, त्याचे कारण हेच आहे. तळलेल्या बटाट्यांची तऱ्हा याहून नाजूक. कढईतून काढल्यावर दहा मिनिटांत ते मऊ पडतात, म्हणून जिथे रांग लांब आणि कढई लहान तिथे चांगले चिप्स मिळण्याची आशा मी करत नाही.

अन्न सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र इथली व्यवस्था चोख आहे, हे सांगायला हवे. गरम ठेवलेले अन्न 63 अंश सेल्सियस किंवा त्याहून वर असावे लागते, 14 ठरावीक ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते, आणि विक्रीच्या जागीच आधी बांधून ठेवलेल्या सँडविचसारख्या पदार्थांवर 1 ऑक्टोबर 2021 पासून घटकांची पूर्ण यादी छापणे बंधनकारक आहे. मैदानावरची पाई कंटाळवाणी असू शकते, पण तिने पोट बिघडण्याची शक्यता कमी असते. सुरक्षित आणि चविष्ट यांतले अंतर मोजणारा कायदा अर्थातच नाही.

आता पैशांकडे वळतो. पाच पौंडांची एक पाई घेऊन उदाहरणादाखल हिशेब मांडतो. आकडे प्रत्येक मैदानावर बदलतात, पण त्यांचे परस्पर प्रमाण फारसे बदलत नाही. गरम खाद्यपदार्थांवर ब्रिटनमध्ये 20 टक्के मूल्यवर्धित कर आहे, म्हणून पाचातले 83 पेन्स आधी सरकारकडे जातात आणि 4.17 पौंड उरतात. क्लबचा वाटा विक्रीच्या 35 टक्के ठरला असेल तर 1.46 पौंड क्लबकडे जातात आणि 2.71 उरतात. त्यातून पाईची खरेदी 1.20, गल्ल्यावरच्या आणि आतल्या माणसांची मजुरी 80 पेन्स (एका ऑर्डरीत दोघांचे खाणे धरून), नासाडी, कागद-काटा आणि कार्डाचे शुल्क मिळून 25 पेन्स. हाती राहिलेल्या 46 पेन्समधून कार्यालय, विमा, यंत्रांची दुरुस्ती आणि गुंतवणुकीची परतफेड भागवून जे काही शिल्लक राहील तो ठेकेदाराचा नफा. या यादीत पाईच्या खरेदीपेक्षाही मोठा आकडा क्लबच्या वाट्याचा आहे. ज्याला आपण लूट म्हणता तिचा मोठा भाग त्या आकड्यात दडलेला आहे, आणि गंमत अशी की खाण्याच्या किमतीबद्दल प्रेक्षक ओरडू लागले की क्लबचे पदाधिकारी ठेकेदाराकडे बोट दाखवतात.

वाटा विक्रीवर असतो, नफ्यावर नसतो, हा कळीचा मुद्दा आहे. विक्रीवर टक्केवारी घेणाऱ्या क्लबला खर्च किती झाला याच्याशी देणेघेणे उरत नाही. पिठाचे भाव वाढले, किमान वेतन वाढले, वीज महागली तरी क्लबचे 35 टक्के तसेच राहतात आणि वाढलेला सगळा भार ठेकेदाराच्या उरलेल्या हिश्श्यावर पडतो. मग त्याच्यापुढे तीनच वाटा राहतात: किंमत वाढवणे, हलका माल घेणे किंवा गल्ल्यावरची माणसे कमी करणे. पहिलीला बहुधा क्लबची परवानगी लागते, म्हणून तो आधी उरलेल्या दोन वाटांनी जातो. माणसे कमी केली की रांग वाढते. रांग वाढली की निम्मे लोक जागेवरून उठतच नाहीत. विक्री घटली की पुन्हा किंमत वाढवावी लागते. या चक्रात सापडलेली मैदाने मी जवळून पाहिली आहेत आणि तिथे आचारी बदलून, बेकरी बदलून, फलक रंगवून काहीही सुधारले नाही.

क्लब असा करार का करतात, हेही समजण्यासारखे आहे. गाळे नव्याने बांधायला, भट्ट्या आणि गल्ले बसवायला मोठी रक्कम लागते आणि ती क्लबला खेळाडूंवर खर्च करायची असते. ठेकेदार ती रक्कम स्वतः घालतो आणि बदल्यात लांब मुदतीचा ठेका मागतो. क्लबला आज रोख मिळते. तिची परतफेड प्रेक्षक पुढची अनेक वर्षे पाई खाऊन करतात.

शिवाय खानपानातला खरा पैसा सामान्य प्रेक्षकाच्या गाळ्यात नसून वरच्या मजल्यावरच्या हॉस्पिटॅलिटी दालनांत असतो. तिथे टेबले आगाऊ विकली जातात, पाहुण्यांची संख्या ठाऊक असते, जेवण सामन्याच्या दोन तास आधी सुरू होते आणि दर माणशी मिळणाऱ्या रकमेची खालच्या गाळ्याशी तुलनाच होऊ शकत नाही. त्यामुळे चांगले आचारी, चांगली यंत्रे आणि व्यवस्थापकाचे लक्ष हे सगळे वर जाते. नोव्हेंबर 2000 मध्ये मँचेस्टर युनायटेडचा तेव्हाचा कर्णधार रॉय कीन याने ओल्ड ट्रॅफर्डवरच्या काही प्रेक्षकांना कोळंबीचे सँडविच खाण्यातून खेळाकडे पाहायला सवड नसते अशा अर्थाचा टोला लगावला होता आणि तेव्हापासून कोळंबीचे सँडविच हे इथल्या वर्गभेदाचे चिन्ह होऊन बसले. माझ्या धंद्यापुरते बोलायचे तर त्या सँडविचचा दोष एवढाच, की ते ताजे होते.

याच्या उलट वाट यशस्वी होऊ शकते का? होऊ शकते, आणि त्याचा सर्वांत ठळक पुरावा अमेरिकेतल्या अटलांटा शहरात आहे. ऑगस्ट 2017 मध्ये उघडलेल्या मर्सिडीझ-बेन्झ स्टेडियमवर अमेरिकन फुटबॉलचा अटलांटा फाल्कन्स आणि आपल्या अर्थाच्या फुटबॉलचा अटलांटा युनायटेड हे दोन्ही संघ खेळतात. दोन्हींचे मालक आर्थर ब्लँक यांनी खाण्याचे दर ठरवण्याचा अधिकार ठेकेदाराला न देता स्वतःकडे ठेवला आणि हॉट डॉग 2 डॉलर, पुन्हा पुन्हा भरून घेता येणारे शीतपेय 2 डॉलर, पिझ्झाचा तुकडा 3 डॉलर, बिअर 5 डॉलर असे दर जाहीर केले. अमेरिकेतल्या स्टेडियमांवर असले दर कोणी ऐकले नव्हते. पहिल्या हंगामात, संघाच्या जुन्या मैदानावरच्या मागच्या हंगामाच्या तुलनेत दर सुमारे निम्म्यावर आले असताना, फाल्कन्सच्या दर प्रेक्षकामागचा खाण्यापिण्यावरचा खर्च 16 टक्क्यांनी वाढला. पुढे त्यांनी काही पदार्थांचे दर आणखी उतरवले.

हा आकडा पाहून अनेक जण ‘स्वस्त करा, खप वाढेल’ एवढाच धडा घेतात, तो अपुरा आहे. अटलांटात दर कर धरून पूर्ण डॉलरांत ठेवले होते, त्यामुळे सुट्या नाण्यांचा घोळ संपला आणि प्रत्येक ऑर्डरीतले काही सेकंद वाचले. गल्ल्यांची संख्या जुन्या मैदानापेक्षा कितीतरी वाढवली. शीतपेयाचे पेले प्रेक्षकाने स्वतः भरायचे असल्याने विक्रेता मोकळा राहिला. दर कमी झाल्यामुळे लोक लवकर आत येऊ लागले आणि जी गर्दी पंधरा मिनिटांत कोसळायची ती दोन तासांत पसरली. म्हणजे दरकपातीने घड्याळावर मात केली आणि नफा तिथून आला. याच मैदानावर 8 डिसेंबर 2018 रोजी अटलांटा युनायटेडने 73,019 प्रेक्षकांसमोर एमएलएस (मेजर लीग सॉकर, अमेरिकेतली व्यावसायिक फुटबॉल साखळी) चषकाचा अंतिम सामना जिंकला. एवढ्या गर्दीला खाऊ घालायचे तर दर आणि रांग हे दोन्ही प्रश्न एकत्रच सोडवावे लागतात. इंग्लंडमधल्या जुन्या, वस्तीच्या मधोमध अडकलेल्या मैदानाला गल्ले वाढवायला भिंत मागे सरकवता येत नाही, हे मी मान्य करतो. पण पूर्ण पौंडांतले दर, आखूड मेन्यू आणि सामन्याआधीच्या तासासाठी वेगळा स्वस्त दर यांना भिंत सरकवावी लागत नाही.

ब्रिटनमध्येही वेगळ्या वाटेने गेलेले क्लब आहेत. नॉर्विच सिटीच्या दीर्घकाळ प्रमुख भागधारक राहिलेल्या, पाककृतींच्या लेखिका डेलिया स्मिथ यांनी क्लबचे खानपान ठेक्यावर न देता क्लबच्याच हाती ठेवले. सामना नसलेल्या दिवशीही स्वयंपाकघर चालू राहिले की आचारी टिकतो आणि कुलूपबंद महिन्यांचा भार हलका होतो. ग्लॉस्टरशरमधल्या नेल्सवर्थच्या फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्सने 2015 मध्ये मैदानावरचे सगळे अन्न वीगन (मांसाबरोबरच दूध-अंडीही वगळलेले) केले. शाकाहारी वाचकांना ही बातमी गोड वाटेल. माझ्या मते त्यातला धडा मांस वगळण्यात नाही, मालकाने खाण्याकडे क्लबची ओळख म्हणून पाहिले यात आहे. स्कॉटलंडमध्ये किलमारनॉकची ‘किली पाई’ आणि इंग्लंडमध्ये किडरमिन्स्टर हॅरियर्सच्या ॲगबरो मैदानावरची खिमा-बटाट्याची पाई यांची ख्याती त्या संघांच्या खेळापेक्षा दूरवर पोहोचलेली आहे, आणि ती दोन्ही मैदाने श्रीमंत क्लबांची नाहीत. आपण खाल्लेली बाल्टी पाईसुद्धा 1990 च्या दशकात वेस्ट मिडलंड्सच्या मैदानांवर रुजली. बर्मिंगहॅमच्या पाकिस्तानी खानावळींतला बाल्टी हा प्रकार मैद्याच्या कवचात शिरला आणि दहा-पंधरा वर्षांत देशभरच्या गाळ्यांत पोहोचला.

खालच्या स्तरांवरच्या लहान क्लबांकडे पाहिले तर चित्र आणखी वेगळे दिसते. तिथे चहाची टपरी क्लबचेच स्वयंसेवक चालवतात, मजुरी नसते, टक्केवारी नसते, चारशे-पाचशे लोकांसाठी पाई दोन खेपांत भाजता येतात आणि टपरीचा सगळा नफा क्लबच्याच तिजोरीत जातो. चांगला बेकन रोल आणि खरा दाट चहा मला अशाच ठिकाणी मिळालेला आहे. मोठ्या मैदानाला हे जमत नाही याचे कारण मन छोटे हे नसून माणसे जास्त हे आहे.

मद्याचा नियम इथे थोडक्यात सांगतो, कारण रांगेशी त्याचा संबंध आहे. 1985 च्या कायद्यानुसार इंग्लंडमधल्या वरच्या पाच स्तरांच्या मैदानांवर खेळपट्टी दिसेल अशा जागी मद्य पिता येत नाही. बिअर घेणारा माणूस आपला पेला घेऊन जागेवर जाऊ शकत नाही. तो स्टँडखालच्या मार्गिकेतच उभा राहतो आणि पाईसाठी आलेल्यांची वाट अडते. जर्मनीत प्रेक्षक प्लास्टिकच्या पेल्यातली बिअर आणि पावात घातलेला भाजका सॉसेज घेऊन थेट जागेवर जातो, त्यामुळे मार्गिका मोकळी राहते. सॉसेजला वाटी नको, चमचा नको, आणि जाळीवरून पावात जायला तीन सेकंद लागतात. मैदानावरच्या खाण्याचा एखादा आदर्श नमुना निवडायला सांगितला तर मी पाईऐवजी त्यालाच निवडेन.

यंत्रांमुळे सगळे सुधारेल असा समज सध्या जोरात आहे. लंडनमध्ये 2019 मध्ये उघडलेल्या टॉटनमच्या मैदानावर 65 मीटर लांबीचा बार आहे, बिअर पेल्याच्या तळातून भरते आणि रोख व्यवहार पहिल्या दिवसापासून बंद आहेत. याने वेग नक्कीच वाढतो. मोबाइलवरून आधी मागणी नोंदवून ठेवण्याच्या योजनेबद्दल मात्र मी साशंक आहे, कारण मध्यंतराला हजार लोक एकाच वेळी ‘तयार आहे’ असा संदेश पाहून एका खिडकीवर आले की रांग गेलेली नसते, फक्त तिची जागा बदललेली असते.

आपल्याकडच्या मैदानांचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठांच्या तालमींचे सामने असोत किंवा मडगावच्या फातोर्डा मैदानावर एफसी गोवाचा सामना, खाण्याची खरी सोय दाराबाहेरच्या गाड्यांवर असते आणि तिथे भडंग असो की रोस ऑम्लेट, शेजारच्या गाड्याशी स्पर्धा असल्यामुळे दर आणि चव दोन्ही आपोआप ताळ्यावर राहतात. आत एकालाच विकण्याचा हक्क दिला की ही स्पर्धा संपते. भारतात बंद वेष्टनातल्या मालावर छापील कमाल किंमत असते आणि एकाच मालावर ठिकाणानुसार दोन वेगवेगळ्या कमाल किमती छापायला जानेवारी 2018 पासून मनाई आहे. ब्रिटनमध्ये असे बंधनच नाही, म्हणून इथे पाण्याच्या बाटलीचा दर मैदानावर हवा तसा चढतो. मात्र हे संरक्षण वेष्टनापुरतेच आहे. बाहेरून आणलेले पाणी दारावर काढून घेतले आणि आत पेल्याने सुटे विकले, की छापील किमतीचा प्रश्नच उरत नाही. मी नियम करणारा असतो तर खाण्याच्या दरांवर मर्यादा घालण्याआधी प्रत्येक मैदानावर पिण्याच्या पाण्याचे फुकट नळ सक्तीचे केले असते.

आता आपल्यापुरता व्यावहारिक सल्ला. पाई घ्यायचीच असेल तर सामना सुरू होण्याआधी साधारण पाऊण तास घ्या. तेव्हा पहिली तुकडी नुकतीच बाहेर आलेली असते आणि रांग नसते. मध्यंतरातच घ्यायची असेल तर कोपऱ्यातला, जिन्यापासून लांबचा गाळा गाठा, कारण लोक पहिल्या दिसणाऱ्या खिडकीपाशी थांबतात. पाहुण्या संघाच्या स्टँडमध्ये बसणार असाल तर बाहेरच खाऊन जा. पुन्हा न येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी कोणीही चांगली भट्टी बसवत नाही, हे या धंद्यातले उघड गुपित आहे. बहुतेक क्लब स्वतःपुरते सँडविच किंवा फळ आत नेऊ देतात, काचेच्या बाटल्या आणि पेयांचे धातूचे डबे तेवढे चालत नाहीत. क्लबच्या संकेतस्थळावरचे प्रवेशाचे नियम एकदा वाचून घ्या.

तक्रार करायची असेल तर खिडकीवर करू नका, ठेकेदाराला पत्रही लिहू नका. प्रीमियर लीगच्या क्लबांना 2023-24 च्या हंगामापासून प्रेक्षकांचे सल्लागार मंडळ ठेवावे लागते आणि खालच्या विभागांतल्या अनेक क्लबांतही समर्थकांच्या संघटना असतात. त्यांच्या प्रतिनिधीला गाठा आणि क्लबला तीन गोष्टी विचारायला सांगा: खानपानाचा वाटा विक्रीवर घेतला जातो की नफ्यावर, दर ठरवण्याचा अंतिम अधिकार कोणाचा आहे, आणि चालू ठेका कोणत्या वर्षी संपतो. पहिल्या दोन प्रश्नांना व्यापारी गुपित म्हणून उत्तर मिळणार नाही, अशी तयारी ठेवा. तिसऱ्याचे उत्तर मात्र कोणी ना कोणी देतेच, आणि नव्या ठेक्याच्या निविदेचा मसुदा त्या तारखेच्या वर्ष-दीड वर्ष आधी तयार होऊ लागतो. गल्ल्यांची किमान संख्या, पाई कपाटात ठेवण्याची कमाल वेळ आणि तीन-चार मूळ पदार्थांचे बांधलेले दर हे तेव्हाच त्यात लिहून घेता येतात.